खरें विमान कोणतें?

दिवाळीच्या सुटींत आमच्या अनसिंगच्या घरीं मंडळी जमली म्हणजे ओसरीवर पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. यंदा त्या दाटींत एका विमानाचीही भर पडली. माझा नातू पुण्यास इयत्ता नववींत शिकतो; त्यानें येतांना एक मोठें खोकें आणलें होतें. त्यांत प्लास्टिकचे शेंदीडशें सुटे भाग, गोंदाची नळी आणि पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं चित्रें होतीं. खोक्यावर 'बी-२४ जे लिबरेटर' असें लिहिलेलें होतें. मूळ विमानाच्या बाहत्तराव्या हिश्शाएवढी प्रतिकृति त्यांतून तयार व्हावयाची. मूळच्या पंखांचा विस्तार ११० फूट, म्हणजे १,३२० इंच. त्यास ७२ नीं भागलें कीं प्रतिकृतीचा विस्तार १८ इंच व एक तृतीयांश येतो. देवघराशेजारच्या फळीवर ती नेमकी बसेल, हें गणित मुलानें आधींच करून ठेविलें होतें.

हा उद्योग निव्वळ खेळाचा नव्हता. माझे धाकटे चुलते हवाईदलांत यंत्रकामास होते, आणि १९६३ पासून १९६८ पर्यंत पुण्याजवळ लोहगांवच्या तळावर त्यांनीं ह्याच जातीच्या विमानांची देखभाल केली. ते आतां नाहींत. काकूंचें सहस्रचंद्रदर्शन येत्या माघांत करावयाचें घाटत आहे. त्या दिवशीं काकांचें विमान त्यांच्यापुढें ठेवावें, अशी मुलाची कल्पना. शाळेच्या प्रदर्शनांतही तेंच मांडावयाचें होतें.

काकूंनीं चष्मा पुसून खोक्यावरील चित्र न्याहाळलें. विमानाच्या नाकाशीं एक अर्धवस्त्रा ललना रंगविलेली, पोटाखालीं बंदुकांचा गोल भोपळा लोंबत असलेला आणि अंगावर अमेरिकेचा पांढरा तारा. त्या इतकेंच म्हणाल्या, "बाळ, विमान चांगलें आहे, पण ह्यांचें विमान हें नव्हे."

मुलाचा चेहरा उतरला. "पण मोठ्या आजी, नांव तर तेंच आहे!" असें म्हणून तो माझ्याकडे वळला. मीं जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलें. विमानविद्येशीं माझा संबंध पुष्पकापलीकडे नाहीं. तथापि नांव एक असून वस्तु निराळी असणें, हा प्रकार पोथ्या चाळणारास अपरिचित नसतो. म्हणून आम्हीं दोघांनीं मिळून ह्या प्रश्नाचा छडा लावण्याचें ठरविलें. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें मांडतों. प्रतिकृति करण्याचा छंद लागलेलीं मुलें आतां पुष्कळ घरांत दिसतात. त्या छंदांत बुद्धीची कसोटी कशी लागते, हें वडील मंडळींच्या ध्यानांत यावें, एवढाच हेतु.

लिबरेटर हें चार इंजिनांचें जड बॉम्बफेकी विमान. अमेरिकेंतील कन्सॉलिडेटेड कंपनीनें तें रचलें आणि १९३९ च्या डिसेंबरांत तें प्रथम उडालें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अशीं १८,००० हून अधिक विमानें तयार झालीं. एका कारखान्याचें हें काम नव्हे. म्हणून कन्सॉलिडेटेडचे सॅन डिएगो व फोर्ट वर्थ येथील दोन, मोटारींच्या फोर्ड कंपनीचा विलो रन येथील एक, डग्लस कंपनीचा टल्सा येथील एक आणि नॉर्थ अमेरिकन कंपनीचा डॅलस येथील एक, असे पांच कारखाने त्यास जुंपले गेले. रचनेंत महत्त्वाचा बदल झाला कीं नांवापुढील अक्षर बदले. एकाच ग्रंथाच्या पांच ठिकाणीं पांच लेखकांनीं नकला कराव्या आणि प्रत्येकानें समासांत कांहीं सुधारणा कराव्या, तसाच हा प्रकार झाला.

आतां हीं अक्षरें ओळखावीं कशीं? 'डी' जातीचें नाक कांचेच्या पिंजऱ्यासारखें असे. शत्रूचीं विमानें समोरून येऊन मारा करूं लागलीं, तेव्हां 'एच्' जातीपासून नाकाशींच दोन बंदुकांची, यंत्रानें फिरणारी घुमटी बसविण्यांत आली. 'जे' जात ह्या 'एच्' च्याच अंगलटीची. तिच्यांत मुख्य फरक झाला तो विमान आपोआप सरळ राखणाऱ्या यंत्राचा आणि बॉम्ब नेमका टाकण्याच्या दुर्बिणीचा. म्हणजे तो बाहेरून दिसावयाचा नव्हे. त्यांत भर अशी कीं, एकाच 'जे' अक्षराखालीं नाकाशीं दोन निरनिराळ्या घडणीच्या घुमट्या आढळतात. 'एल्' जातींत वजन घटविण्याकरितां शेपटीच्या टोकाची यंत्रघुमटी काढून तेथें हातानें फिरवावयाच्या दोन बंदुका आल्या. 'एम्' जातींत पुनः घुमटी आली, परंतु हलकी. तात्पर्य, 'डी' नाकावरून ओळखावें, 'एल्' शेपटीवरून ओळखावें, आणि 'एच्' व 'जे' ह्यांचा निवाडा मात्र डोळ्यांनीं होत नाहीं. त्यास क्रमांकच पाहावा लागतो.

क्रमांकाचीही एक खुबी आहे. अमेरिकन क्रमांक ४४-४४०५२ असा असला, तर पहिला ४४ हा ज्या आर्थिक वर्षाच्या मागणींत तें विमान नोंदलें गेलें त्या वर्षाचा. तें बांधून बाहेर पडल्याचें वर्ष तेंच असेल असें नाहीं. ब्रिटिशांनीं हींच विमानें उसनवारीच्या करारानें घेतलीं, तेव्हां दोन अक्षरें व तीन आंकडे असा आपला नवा क्रमांक घातला आणि जातींना रोमन अंकांचीं नांवें दिलीं. त्यांच्या एका रोमन अंकांत अमेरिकेचीं एकाहून अधिक अक्षरें सामावलेलीं असतात. अर्थात् ब्रिटिश नांवावरून अमेरिकन अक्षर सांगणें म्हणजे गोत्रावरून माणसाचें नांव सांगण्यासारखें आहे.

येथपर्यंत मुलानें सर्व टिपून घेतलें. पुढील भाग मात्र आपल्या देशाचा आहे, आणि खरी गुंतागुंत तेथेंच सुरू होते.

युद्धांत ब्रिटिश हवाईदलाचीं लिबरेटर विमानें बंगालमधील तळांवरून ब्रह्मदेशावर व सयामवर जात असत. युद्ध संपल्यावर करारान्वयें तीं परत तरी करावयाचीं किंवा निकामी तरी करावयाचीं. तदनुसार पुष्कळ विमानें मोडतोड करून कानपूरजवळ चकेरी येथील मैदानांत टाकून देण्यांत आलीं. कोणी हीं पुनः उडवूं नयेत अशीच त्यांची अवस्था केलेली होती. स्वतंत्र झालेल्या आपल्या देशास जड बॉम्बफेकी विमानें हवीं होतीं. तेव्हां बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीनें त्या ढिगाऱ्याकडे दृष्टि वळविली. ही कंपनी १९४० सालीं स्थापन झाली ती आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या पुढाकारानें, हें महाराष्ट्रीयांनीं स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. कंपनीच्या कारागिरांनीं कानपुरास जाऊन बऱ्यापैकीं सांगाडे निवडले, ह्याचें इंजिन त्यास व त्याची घुमटी ह्यास लावून तीं उडण्याजोगीं केलीं, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं तीं एकामागून एक बंगलोरास उडवीत नेलीं. अशा रीतीनें ४२ विमानें पुनः कामास लागलीं. २ नोव्हेंबर १९४८ रोजीं कानपुरास त्यांचें पहिलें पथक, हवाईदलाचें पांचवें, उभें राहिलें. १९५१ च्या आरंभीं सहाव्या पथकास हींच विमानें मिळालीं व तें पुढें पुण्यास राहून समुद्रावर टेहळणी करूं लागलें. १९६८ अखेर तीं निवृत्त झालीं, तेव्हां जगांत दुसऱ्या कोणत्याही देशाच्या लष्करी सेवेंत लिबरेटर उरलें नव्हतें.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, 'जे' कोणतें व 'एल्' कोणतें हा प्रश्न येथें निराळेंच रूप घेतो. ज्या विमानाचें धड एका जातीचें आणि शेपटी दुसऱ्या जातीची असूं शकते, त्याचें अक्षर कोणतें? आमच्या पोथ्यांच्या जगांत अशा प्रतीस संमिश्र प्रत म्हणतात. लेखकानें आरंभ एका पोथीवरून उतरविलेला असतो आणि फाटलेलीं पानें दुसरीवरून भरून काढलेलीं असतात. अशी प्रत खोटी ठरत नाहीं. परंतु एका पानावरून सबंध पोथीचें कुल सांगूं नये, एवढा विवेक ठेवावा लागतो.

ह्या गुंत्यावर परदेशांतील संग्रहालयांनीं आणखी एक थर चढविला आहे. जगांत आज जीं लिबरेटर विमानें शिल्लक आहेत, त्यांतील कित्येक आपल्याकडूनच गेलेलीं आहेत. अमेरिकेंत कॉलिंग्ज प्रतिष्ठानानें जें विमान अनेक वर्षें उडविलें, तेंच वर सांगितलेलें ४४-४४०५२. १९४४ सालीं फोर्ट वर्थ येथें तें बांधलें गेलें, लगेच ब्रिटिशांकडे केएच १९१ ह्या क्रमांकानें गेलें, आणि युद्धानंतर १९६८ पर्यंत भारतीय हवाईदलांत राहिलें. १९८१ सालीं तें एका इंग्रज संग्राहकानें विकत घेतलें, १९८४ सालीं अमेरिकेस गेलें, आणि १९८९ सालीं पुनः उडालें. त्याच्या अंगावर प्रथम 'ऑल अमेरिकन', मग 'ड्रॅगन अँड हिज टेल' आणि २००५ पासून 'विचक्राफ्ट' अशीं तीन नांवें चढलीं. तिन्ही नांवें अमेरिकेच्या दुसऱ्या, युद्धांत लढलेल्या विमानांचीं. ह्या विमानानें अमेरिकन निशाणाखालीं एकही लढाई केलेली नाहीं. अमेरिकेंतच टुसान येथील पीमा संग्रहालयांत ४४-४४१७५ आहे. १९६९ सालीं तें भारतांतून थेट उडत तेथें गेलें, आणि त्याच्याही अंगावर एका अमेरिकन विमानाचें नांव आहे. कॅनडास गेलेल्या विमानाच्या मोबदल्यांत आपल्यास लायसँडर जातीचें जुनें विमान मिळालें, आणि त्या लिबरेटरावर कॅनडाचे रंग चढले. इंग्लंडास १९७४ सालीं आपल्या हवाईदलानें दिलेलें विमान मात्र केएन ७५१ ह्या आपल्याच युद्धकालीन क्रमांकानें उभें आहे. तें 'एल्' जातीचें, फोर्डच्या कारखान्यांतील. त्याचा भारतीय क्रमांक एचई ८०७ हा होता. दिल्लीस पालम येथील हवाईदलाच्या संग्रहालयांतील एचई ९२४ हें तेवढें आपल्या भारतीय वेषांत राहिलें आहे.

ह्यांत त्या संस्थांस दोष देण्याचा हेतु नाहीं. त्यांनीं हीं विमानें जपलीं म्हणून तीं राहिलीं, आणि आपल्या वीरांचें स्मरण करावें असें त्यांस वाटल्यास त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु प्रतिकृति करणाऱ्या मुलानें एक गोष्ट ध्यानांत धरावी: रंग हा पुरावा नव्हे. संग्रहालयांतील विमानाचें छायाचित्र पाहून तें युद्धकाळचें विमान म्हणून उतरवूं जाल, तर दुसऱ्याचें नांव, तिसऱ्याची शेपटी आणि चौथ्याच देशाचा इतिहास एके ठिकाणीं चिकटवाल. आधीं त्या विमानाच्या आयुष्यांतील कोणतें वर्ष दाखवावयाचें तें ठरवावें. मग क्रमांक, त्या वर्षाचें छायाचित्र आणि प्रत्यक्ष अंग, ह्या तीन साक्षीदारांस एकत्र बसवून विचारावें.

आमच्या भागांतच ह्याचा उत्तम दाखला आहे. येथून जवळच्या वाशीमास १९३९ सालीं विंध्यशक्ति नांवाच्या राजाचे ताम्रपट सांपडले. वाशीम हें पूर्वीचें वत्सगुल्म अशी परंपरा होती. परंतु तेथें वाकाटकांची एक निराळी शाखा राज्य करीत होती, हें त्या पत्र्यांनीं उघड केलें. महामहोपाध्याय मिराशी यांच्यासारख्या पंडितांनीं अक्षरांचें वळण, भाषा व वंशावळ हीं तपासून निर्णय केला. पत्रा कोणी कशाचा म्हणून दाखविला, ह्यावर केला नाहीं.

आतां आमच्या घरच्या साक्षीदारांकडे वळतों. पहिल्या साक्षीदार काकू. त्या म्हणाल्या, "विमान जवळून मीं कधींच पाहिलें नाहीं. तळावर आम्हां बायकांस कोण नेतें? पण रोज तें आमच्या वसाहतीवरून जाई. वाळवण घालतांना मान वर करून मी पाहत असें. त्याच्या पोटाखालीं असें लोंबतें कांहीं नव्हतें." मुलास ही साक्ष फुसकी वाटली, मला ती मोलाची वाटली. ज्यांनीं विमान खालूनच पाहिलें, त्यांनीं त्याचें पोट जितकें पाहिलें तितकें दुसऱ्या कोणी पाहिलें असेल? मात्र साक्षींतून निघेल तेवढेंच घ्यावें. पोटाखालची घुमटी आंत ओढून घेतां येई, आणि पूर्वेकडील लांबच्या पल्ल्यांकरितां ब्रिटिशांनीं पुष्कळ विमानांतून ती काढूनही टाकली होती. म्हणून ती नव्हतीच असें काकूंच्या साक्षीवरून ठरत नाहीं. ती बाहेर लोंबत नव्हती, एवढें निश्चित ठरतें. प्रतिकृतीस तेवढें पुरे. भोपळा गळाला.

दुसरा साक्षीदार म्हणजे काकूंच्या पेटींतील एक छायाचित्र. विमानाच्या शेपटीपाशीं पांच जण उभे आहेत, मधले काका. मागें उजळ धातूचें अंग, दोन उभ्या पुच्छपत्रांमधून दिसणारी शेपटीच्या टोकाची कांचेची घुमटी, आणि धडावर 'एचई' हीं दोन अक्षरें. पुढील तीन आंकड्यांपैकीं पहिला पुसट आणि उरलेले दोन काकांच्याच टोपीआड गेलेले. घुमटी आहे म्हणून हातबंदुकांची 'एल्' शेपटी नव्हे, हें उघड. पण म्हणून सबंध विमान 'जे' असें म्हणतां येईल का? कानपूरच्या ढिगाऱ्यांतील जोडाजोड आठवली म्हणजे तसें छातीठोक म्हणवत नाहीं.

येथें मुलाची खरी अडचण उभी राहिली. प्रदर्शनाच्या कागदावर विमानाची जात व क्रमांक लिहावयाचा रकाना होता. तो म्हणाला, "आजोबा, पालमच्या विमानाचा क्रमांक मला पाठ आहे. एचई ९२४ घालतों. कोणाला कळणार आहे?" मी वयानें थकलेला, सुटी संपत आलेली, कबूल करावयास लाज वाटते, पण मीही म्हणालों, "घाल बापडा."

काकू तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं मान वर केली. "नको रे. तो आंकडा ज्याचा त्याचा. त्यावरही कोणीतरी पहाटे उठून हात काळे केले असतील. ह्यांच्या विमानावर ह्यांचाच आंकडा असूं दे. नसेल ठाऊक, तर कोरा राहूं दे."

चाळीस वर्षें मुलांच्या वह्यांतील नकला पकडणारा मी, मला ह्या वाक्यानें जाग आली. आणि त्याबरोबर पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण झाली. महाभारताची चिकित्सित आवृत्ति तेथें १९१९ सालीं आरंभिली गेली व १९६६ सालीं पूर्ण झाली. शेंकडों हस्तलिखितें ताडून पाहूनही कित्येक ठिकाणीं मूळ पाठ निश्चित होत नसे. तेव्हां डॉ. सुखटणकरांच्या पद्धतीप्रमाणें त्यांतल्या त्यांत संभवनीय पाठ छापीत आणि तो शंकास्पद आहे हें कळावें म्हणून त्याखालीं नागमोडी रेघ ओढीत. पन्नास वर्षांच्या विद्वत्तेनें स्वतःच्या अनिश्चितपणाची अशी कबुली छापून द्यावी, ह्यांतच त्या आवृत्तीचा प्रामाणिकपणा आहे, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

मीं हें सांगतांच मुलाचे डोळे उजळले. दुसऱ्या दिवशीं काम सुरू झालें. ललना व तारा खोक्यांतच राहिले. अंगास उजळ धातूचा रंग, त्यावर तिरंगी वर्तुळें, शेपटी छायाचित्राबरहुकूम. धडावर 'एचई' एवढींच अक्षरें काढून पुढील जागा मोकळी ठेविली आहे. लांकडी बैठकीवर त्यानें सुवाच्य अक्षरांत लिहिलें आहे: 'लिबरेटर, भारतीय हवाईदल, सहावें पथक, लोहगांव. जात: जे.' आणि त्या 'जे' खालीं एक नागमोडी रेघ. परीक्षकांनीं विचारल्यास तिचा अर्थ सांगावयाचा, असें ठरलें आहे. बक्षीस मिळेल किंवा न मिळेल. रेघ मात्र राहील.

जातां जातां वाचकांस एक विनंति. लोहगांव, कानपूर, बंगलोर येथें त्या वर्षांत चाकरी केलेलीं माणसें पुष्कळ मराठी घरांत होऊन गेलीं. त्यांचीं छायाचित्रें पेट्यांतून पडून असतील. ज्यांस तीं ओळखतां येतात अशीं माणसें घरांत आहेत तोंवर, प्रत्येक चित्राच्या पाठीमागें पेन्सिलीनें नांवें, गांव व वर्ष लिहून ठेवावें. जें नक्की ठाऊक नसेल त्याखालीं नागमोडी रेघ ओढावी. आमच्या चित्राच्या पाठीमागें पांचांपैकीं तिघांचीं नांवें काकूंनीं सांगितलीं. उरलेले दोघे त्यांस आठवेनात. त्या म्हणाल्या, "हे असते तर त्यांनीं सांगितलें असतें."